भाडेकरू ओळखीचा आहे, पण पडताळलाय का?

सांगली-मिरजेत घर भाड्यानं द्यायचं ठरलं की 'भाड्याने देणे आहे'चा बोर्ड लागायच्या आधी चार ओळखीच्यांना फोन जातात. कुणी मेव्हण्याच्या कंपनीतला निघतो, कुणी भिशीतल्या मैत्रिणीचा भाचा, कुणी गावाकडचा पावणा. 'माणूस आपल्या ओळखीचा आहे' असं कुणी म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न थांबतात. पगार विचारायला संकोच वाटतो, करारनामा 'करू की सवडीनं' म्हणून राहून जातो, डिपॉझिटही निम्म्यावर येतं. भाडं थकल्याच्या आणि घर खाली होत नसल्याच्या ज्या तक्रारी माझ्या कानावर येतात, त्यांत ओळखीतून दिलेली घरं बरीच असतात. ओळखीची माणसं वाईट असतात असं नाही. ओळख आहे म्हणून कुणी काही तपासलेलंच नसतं, खरी अडचण तिथं असते.

भाडेकरूबद्दल मालकाला तीन वेगवेगळ्या गोष्टी कळायला हव्यात. हा माणूस खरोखर कोण आहे? दर महिन्याला भाडं देण्याची त्याची ऐपत आहे का? आणि आधीच्या घरात तो कसा राहिला? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. आधार कार्डावरून पहिलं उत्तर मिळतं, दुसरं नाही. पगाराच्या चिठ्ठीवरून दुसरं कळतं, तिसरं नाही. आणि ओळखीचा माणूस बहुतेक वेळा फक्त पहिल्याचीच खात्री देत असतो. 'हा अमक्याचा मुलगा' एवढंच तो सांगतो, पण आपण त्यातून बाकीची दोन उत्तरंही गृहीत धरतो.

ही तपासणी किल्ली देण्याच्या आधीच का करायची, हे आधी सांगतो. एकदा माणूस घरात राहायला आला की मालकाचे हात बऱ्यापैकी बांधले जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 नुसार मालकाला भाडेकरूचं पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडता येत नाहीत. भाडं थकलं म्हणून कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं हे तर मुळीच चालत नाही; तसं केलं तर उलट मालकच पोलीस ठाण्यात उत्तरं देत बसतो. मग उरतो तो रीतसर अर्जाचा मार्ग, आणि त्याला वेळ लागतो. आठ-नऊ हजारांच्या भाड्यासाठी वर्षभर हेलपाटे घालण्यापेक्षा आधीचे आठ दिवस चौकशीत घातलेले परवडतात.

पहिल्या फोनपासूनच सुरुवात करा. घर बघायला बोलावण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: राहणार किती जण, कामधंदा काय, कधीपासून हवं आहे आणि आत्ताचं घर का सोडताय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. 'मिरजेतल्या हॉस्पिटलमध्ये बदली झाली, रोजचं जाणं-येणं जड जातंय' हे उत्तर तपासता येतं. 'मालक बरोबर नाही' एवढंच उत्तर आलं तर आणखी विचारा. तेही खरं असू शकतं, वाईट मालक आहेतच; पण मग 'काय झालं होतं?' या प्रश्नाला सरळ उत्तर यायला हवं.

फोनवरच कळण्यासारखी एक फसवणूक इथंच सांगून टाकतो, कारण घराची जाहिरात मोबाईलवर टाकणाऱ्या बऱ्याच जणांना तो फोन येतो. समोरचा सांगतो की मी सैन्यात आहे, बदली होऊन येतोय, घर बघायला वेळ नाही, डिपॉझिट आत्ताच पाठवतो. मग तो एक क्यूआर कोड पाठवतो आणि 'हा स्कॅन करा, पैसे जमा होतील' म्हणतो. स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना दोनदा समजावून ठेवा. घर न बघता डिपॉझिट भरायची घाई करणाऱ्याशी पुढं बोलण्याची गरज नाही.

कोण आहे, याची तपासणी सगळ्यात सोपी. आधार, पॅन आणि नोकरी असेल तर कंपनीचं ओळखपत्र. आधारची नुसती झेरॉक्स घेऊन फाइलला लावणं म्हणजे तपासणी नव्हे. छापील कार्डावर नाव आणि फोटो बदलणं अवघड नाही. कार्डावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ॲपनं स्कॅन केला की नोंदीतलं नाव आणि फोटो समोर येतो, तो कार्डाशी आणि समोरच्या माणसाशी जुळवा. मिनिटभराचं काम आहे. भाडेकरूनं आकडे झाकलेलं, म्हणजे मास्क केलेलं आधार दिलं तर चौकशीच्या टप्प्यावर ते पुरे. झेरॉक्सवर 'फक्त भाडेकरारासाठी' असं लिहून तारीख टाकायला त्याला सांगा आणि ते कागद सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका. त्यानं विश्वासानं दिलेले कागद आहेत ते.

ऐपतीच्या बाबतीत ढोबळ आडाखा असा की भाडं घरातल्या एकूण कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असावं. नऊ हजार भाडं असेल तर सत्तावीस-अठ्ठावीस हजारांची कमाई दिसायला हवी. नोकरदाराकडून तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या, आणि चिठ्ठीवरची रक्कम खात्यात खरोखर जमा झाली आहे का ते बघा. चिठ्ठी संगणकावर कुणीही बनवू शकतं. तिन्ही महिन्यांच्या नोंदी चिठ्ठीशी जुळल्या तर बऱ्यापैकी खात्री होते. स्टेटमेंटमध्ये आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे आधीच्या घराचं भाडं. पाच तारखेच्या आसपास दर महिन्याला तेवढीच रक्कम जात असेल तर त्याहून चांगलं शिफारसपत्र नाही. उलट आधीच तीन-चार हप्ते कापले जात असतील तर पगार मोठा असूनही हातात काय उरतं ते मोजा. कर्ज फेडण्याची सवय बघायची असेल तर सिबिलचा अहवाल भाडेकरू स्वतः वर्षातून एकदा मोफत काढू शकतो. तो दाखवायची विनंती करता येते, सक्ती करू नये.

पण सांगलीत सगळेच पगारदार कुठं असतात? मार्केट यार्डात हळदीचा किंवा बेदाण्याचा व्यापार करणाऱ्याकडं पगाराची चिठ्ठी नसणार. त्याच्याकडून आयकर विवरणपत्राची पोच, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागा. व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे हंगामानुसार कमी-जास्त येतात, त्यात वावगं काही नाही. शेतीवर घर चालवणारं, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात खोली घेणारं कुटुंब तर आणखी वेगळं. उसाचं बिल कारखान्याकडून एकदम येतं, दर महिन्याला येत नाही. अशा कुटुंबाला 'पगार किती?' विचारून वाटेला लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्याशी तीन-तीन महिन्यांचं भाडं आगाऊ घेण्याचं ठरवा आणि तसं करारात लिहा. घरमालकाला नियमित पैसे हवे असतात. ते महिन्यानं आले की तिमाहीनं, यानं फारसं बिघडत नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा: आधी कसा राहिला? हे सांगू शकतो तो आधीचा घरमालक. त्याला फोन करायला आपल्याकडं लोक बिचकतात. 'कशाला उगाच परक्या माणसाला त्रास?' असं वाटतं. पण हा पाच मिनिटांचा फोन बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त सांगून जातो. फक्त तो नीट करायला हवा.

नंबर भाडेकरूनंच दिलेला असतो, म्हणून पलीकडं खरोखर मालकच आहे की भाडेकरूचा मित्र, हे आधी ठरवा. भाडेकरूकडून जुन्या कराराची प्रत घ्या. तिच्यावर मालकाचं नाव, पत्ता, भाडं सगळं असतं. मग फोनवर आपण माहिती द्यायची नाही, विचारायची. 'तुमच्याकडं ते वरच्या मजल्यावर नऊ हजारांत राहायचे ना?' असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल. त्याऐवजी असं बोला:

'नमस्कार काका, विश्रामबागेतनं बोलतोय. पाटील नावाचं एक कुटुंब तुमच्याकडं राहतं म्हणे, आमचं घर बघून गेलेत. किती वर्षं आहेत तुमच्याकडं?'

'झाली की आता तीन वर्षं.'

'भाडं किती होतं? वेळेवर यायचं का?'

'साडेसात. तसं यायचं... दिवाळीच्या वेळी जरा मागं-पुढं व्हायचं, पण बुडवलं नाही कधी.'

'आणि लाईट बिल?'

'ते भरायचे. लाईट बिलाची कधी कटकट नाही.'

'काका, समजा परत आलेच तुमच्याकडं, तर घर द्याल?'

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कसं येतं ते ऐका. 'देईन की, का नको?' हे पटकन आलं तर झालं काम. 'आता आम्हाला घरच्यांसाठीच हवंय हो ते' असं गुळमुळीत उत्तर आलं तर त्यामागं काहीतरी असू शकतं. एक खबरदारी घ्या. आत्ताच्या मालकाला भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो मुद्दाम गोड बोलण्याची शक्यता असते. त्याच्या आधीच्या मालकाला तसं करण्याचं कारण उरलेलं नसतं. म्हणून शक्य असेल तर दोन्ही फोन करा. वरच्या संभाषणातलं ते दिवाळीचं मागं-पुढं होणं मला घर नाकारण्याचं कारण वाटत नाही. आठवडाभर उशीर झाला तरी कळवणारा भाडेकरू चांगलाच म्हणायचा.

या सगळ्यात जातीचा, धर्माचा, खाण्यापिण्याचा प्रश्न मी कुठंही घेतलेला नाही, आणि तो मुद्दाम घेतलेला नाही. आपल्याकडं पहिल्या फोनवर आडनाव विचारून मग 'घर दिलं गेलं' सांगण्याची सवय आहे. एकट्या बाईला, घटस्फोटितेला, मिरजेत शिफ्ट ड्युटी करणाऱ्या नर्सला 'फॅमिलीलाच देतो' म्हणून परत पाठवलं जातं. यानं समोरच्याचा अपमान होतो, आणि मालकाच्याही हाती काही लागत नाही. आडनावावरून भाडं वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. स्टेटमेंटवरून आणि आधीच्या मालकाच्या फोनवरून कळतं. सगळ्यांना तेच कागद, तेच प्रश्न, असा नियम ठेवलात तर निवडही चांगली होते आणि ओळखीच्यालाही 'आमच्याकडं सगळ्यांनाच द्यावे लागतात' म्हणून कागद मागता येतात, संकोच राहत नाही.

विद्यार्थी आणि कामगार यांच्याबाबत थोडं वेगळं बघावं लागतं. वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजच्या मुलांना फ्लॅट देताना करार एकाच मुलाच्या नावानं करू नका. राहणाऱ्या सगळ्यांची नावं आणि सह्या हव्यात, नाहीतर ज्याच्या नावावर करार आहे तो सहा महिन्यांत जातो आणि उरलेले तिघे 'आमचा करार नाही' म्हणतात. पालकांशी एकदा फोनवर बोला आणि शक्य असेल तर पालकालाही करारात जबाबदार धरा. कुपवाड एमआयडीसीत काम करणाऱ्या कामगारांसाठी ठेकेदार घर घेतो तेव्हा भाडं वेळेवर येतं, पण आत कोण राहतंय हे दर महिन्याला बदलतं. करारात माणसांची संख्या लिहा, आणि प्रत्येक नव्या माणसाची माहिती ठेकेदारानं आधी द्यायची, ही अट घाला.

आता करार. याबाबत इतके गैरसमज आहेत की थोडं सविस्तर सांगतो.

'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' हे वाक्य सगळीकडं ऐकू येतं. ते नोंदणी कायदा, 1908 मधून आलं आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम 55 आहे, आणि त्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसती राहण्याची परवानगी देणारा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मालकानं खरं घाबरावं ते त्याच कलमातल्या दुसऱ्या वाक्याला: नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोटरीपुढं स्टॅम्प पेपरवर केलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणीकृत करार असेल तर चित्र पालटतं. कलम 24 नुसार राहण्यासाठी दिलेल्या घराची लायसन्सची मुदत संपली की जागा परत द्यावी लागते. नाही दिली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागू शकतो. बारा वर्षं राहिला की घर भाडेकरूचं होतं, ही भीतीही निराधार आहे. मालकाच्या परवानगीनं राहणारा माणूस नुसता तसा राहत गेल्यानं मालक होत नाही. पण परवानगीनं राहतोय हे दाखवायला कागद हवा, म्हणून पुन्हा नोंदणीच.

खर्चाची भीती तर अगदीच बिनबुडाची. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. समजा भाडं महिना 8,000, मुदत 11 महिने आणि परत करायचं डिपॉझिट 30,000 आहे. भाड्याचे 88,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 2,750. एकूण 90,750 वर पाव टक्का, म्हणजे साधारण 227 रुपये. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. वर ऑनलाइन दस्त हाताळणीचे 300 रुपये. काम मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवरून, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर, घरबसल्या होतं. एजंटकडून करून घेतलं तर त्याची फी वेगळी. महिन्याच्या भाड्यापुढं ही रक्कम काहीच नाही.

करारात ठरावीक मजकुरापलीकडं दोन-तीन गोष्टी नक्की घाला. लाईट बिल कोण भरणार, आणि राहायला आले त्या दिवशीचं मीटर रीडिंग काय होतं. त्या आकड्याचा फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा. महावितरणचा ग्राहक क्रमांक तुमच्याकडं असतो, त्यावरून बिल भरलं की नाही हे दर महिन्याला ॲपवर दिसतं. थकलेलं बिल शेवटी तुमच्याच नावावर येतं. पोटभाडेकरू ठेवायचा नाही आणि सोडताना एक महिना आधी कळवायचं, हेही लिहा.

आणि सांगलीत पूर. हा मुद्दा छापील मसुद्यात नसतो, म्हणून मुद्दाम सांगतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी त्याच्याही खूप वर गेलं, 2021 मध्ये पुन्हा आलं. दत्तनगर, कर्नाळ रोड, मारुती चौक, शामरावनगर या भागातलं तळमजल्याचं घर देत असाल तर पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भाडेकरूला आधीच दाखवा. त्या काळात घर सोडावं लागलं तर भाड्याचं काय, फर्निचर वर कोण हलवणार, साफसफाई कुणाची, हे करारात एका परिच्छेदात लिहिता येतं. तुम्ही भाडेकरूकडून खरी माहिती मागता, तर तुमच्या घराबद्दलची खरी माहिती मागायचा त्यालाही तितकाच हक्क आहे. चांगला भाडेकरू हे विचारतोच. तसं विचारणाऱ्यावर चिडू नका. घराची काळजी करणारा माणूस आहे तो.

पोलीस पडताळणीबद्दल थोडक्यात. भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर द्या, आणि पोच जपून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांचा तसा आदेश लागू असताना माहिती दिली नाही तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पण ही नोंद म्हणजे भाडं वेळेवर येण्याची हमी नाही. तिचा संबंध पुन्हा पहिल्याच प्रश्नाशी आहे, माणूस कोण आहे याच्याशी.

डिपॉझिट किती घ्यायचं यावर आपल्या कायद्यात ठरलेली मर्यादा नाही. दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि महिन्याभराचं लाईट बिल निघेल एवढं असावं. फार मोठं डिपॉझिट ठेवलं तर चांगली माणसं परस्पर दुसरं घर बघतात. ते बँकेतूनच घ्या, आणि सोडताना किती दिवसांत परत देणार तेही लिहा. रंगाच्या नावाखाली सगळं डिपॉझिट कापून घेणारे मालक आहेत. त्यांच्यामुळंच भाडेकरू शेवटचे दोन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करायला सांगतात.

मुदत संपायच्या महिनाभर आधी मोबाईलवर आठवण लावून ठेवा. चांगला भाडेकरू असेल तर भाडं ठरवून नवा करार नोंदवा, पुन्हा तेच हजार-पंधराशे रुपये. 'चाललंय की सगळं नीट' म्हणून नव्या कराराशिवाय भाडं घेत राहिलात तर उद्या वाद झाल्यावर समोरच्याला 'तोंडी मुदत वाढवून दिली होती' म्हणायला जागा मिळते. वाढवायचं असो वा थांबवायचं, ते मुदतीच्या आत, लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.